मराठी कवितेतील ख्रिस्तभक्ती : एक परिचय

मराठी कवितेचा इतिहास शिकताना आपण मुकुंदराजापासून आरंभ करतो, ज्ञानेश्वर-नामदेव-एकनाथ-तुकाराम या मार्गाने चालत मोरोपंतांपर्यंत येतो, शाहिरांचे डफ ऐकतो आणि केशवसुतांपाशी आधुनिक काळाची वेस ओलांडतो. या राजरस्त्याला समांतर अशी एक पायवाट आहे आणि ती चारशे वर्षांची जुनी आहे. बायबल आणि ख्रिस्तावरील श्रद्धा यांतून जन्मलेली मराठी कविता ही ती पायवाट होय. अभ्यासक्रमात तिची गाठ पडते ती ओझरती, एखाददुसऱ्या वेच्यापुरती. मी स्वतः ख्रिस्ती नाही. मराठी हा विषय घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षाला बसलेला, धानाच्या पट्ट्यातील एका खेड्यातून आलेला विद्यार्थी आहे. तरीही या कवितेविषयी लिहावेसे वाटले, याचे कारण तिच्यामुळे एक प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला. धर्म बदलला की माणसाची भाषा बदलते काय? आणि नसेल बदलत, तर ज्या भाषेत तो नव्या देवाला हाक मारतो ती भाषा त्याची की आपली?

प्रथम मूळ ग्रंथाकडे पाहू. बायबल म्हणजे केवळ गोष्टींचे व आज्ञांचे पुस्तक, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः त्याचा मोठा भाग काव्य आहे. स्तोत्रसंहिता, ईयोब, नीतिसूत्रे, गीतरत्न, विलापगीत ही तर उघडउघड काव्येच. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत. त्यांत स्तुती आहे, विलाप आहे, देवावरचा रागही आहे. या हिब्रू कवितेचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपल्याकडे यमक जुळते ते ध्वनींचे. हिब्रू कवितेत 'यमक' जुळते ते अर्थाचे. पहिल्या ओळीत जे सांगितले तेच दुसऱ्या ओळीत निराळ्या शब्दांत सांगायचे, वाढवून सांगायचे किंवा त्याच्या उलट बाजूने सांगायचे, अशी ती रचना असते. त्यामुळे ही कविता गद्यात भाषांतरित केली तरी तिचा तोल पुष्कळसा टिकून राहतो. तरीही काही गोष्टी भाषांतरात हरवतातच. एकशे एकोणिसाव्या स्तोत्राचेच पाहा. हिब्रू वर्णमालेतील बावीस अक्षरांप्रमाणे त्याची बावीस कडवी आहेत. प्रत्येक कडव्यात आठ चरण, आणि त्या कडव्याचे आठही चरण एकाच अक्षराने सुरू होतात. मराठी बायबलात अर्थ उतरतो, ही करामत मात्र उतरत नाही.

मग प्रश्न असा की, मराठी माणसाने ही भक्ती गावी कशी? गद्य वाचून दाखवता येते. पण आपल्याकडे भक्ती वाचली जात नाही, ती म्हटली जाते. आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही गावात संध्याकाळी खंजिरीवर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे भजन ऐकू येते. त्यांची १९५५ साली प्रसिद्ध झालेली 'ग्रामगीता' ग्रामसुधारणेचा विचार सांगते, परंतु सांगते ती ओवीतूनच. वैनगंगेच्या काठी अंभोऱ्याला मुकुंदराजाने 'विवेकसिंधू' रचला अशी आपल्या भागातील परंपरा आहे. आंबेजोगाईचाही त्यावर तसाच दावा आहे. वाद कसाही सुटो, तो ग्रंथही ओवीबद्धच आहे. सारांश, मराठीत ज्याला लोकांच्या मनात घर करायचे आहे त्याला ओवीच्या नाहीतर अभंगाच्या दारातूनच आत यावे लागते. ही गोष्ट चारशे वर्षांपूर्वी एका परदेशी माणसाने ओळखली, हे मोठे नवल आहे.

त्याचे नाव फादर थॉमस स्टीफन्स. हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात उतरला आणि आयुष्याची पुढची सुमारे चाळीस वर्षे त्याने मुख्यतः साष्टी भागात काढली. १६१९ साली तो तिथेच वारला. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे छापले गेले. दोन भागांत मिळून १०,९६२ ओव्यांचा हा ग्रंथ आहे. पहिले पुराण ४,२९६ ओव्यांचे. त्यात जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा येते. दुसरे पुराण ६,६६६ ओव्यांचे. त्यात ख्रिस्ताचे चरित्र आहे. त्या वेळी देवनागरी खिळे उपलब्ध नसल्याने हे मराठी पुराण रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ साली त्याच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या. आज मात्र या तीनही जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी ते पुन्हा रोमन लिपीत प्रसिद्ध केले आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले. म्हणजे मराठीतला हा महत्त्वाचा ग्रंथ मराठीच्या स्वतःच्या लिपीत छापून यायला तीनशे चाळीस वर्षे लागली!

स्टीफन्सने काय केले ते जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. ग्रंथाला त्याने 'पुराण' म्हटले. छंद ओवीचा घेतला: तीन चरण यमकाने बांधलेले व चौथा आखूड, मोकळा. स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले. ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग रचला आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीबाबांना विचारतो की, आमची जुनी पुराणे गेली; आता आमच्या मनाला रिझवील, बोध करील असे काही तुम्ही आम्हाला का देत नाही? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे सारा ग्रंथ. याच स्टीफन्सने कोंकणीचे व्याकरण लिहिले आणि ख्रिस्ती धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरी कोंकणीत रचली. परंतु काव्य लिहायची वेळ आली तेव्हा त्याने मराठी निवडली, कारण त्या प्रदेशात घरी बोलायची भाषा एक आणि पुराण सांगायची भाषा दुसरी अशी रीत होती. घरी झाडीबोली बोलणाऱ्या व वर्गात प्रमाण मराठीत निबंध लिहिणाऱ्या आपणास ही रीत समजावून सांगण्याची गरज नाही. ग्रंथात मराठीची थोरवी गाणाऱ्या ज्या ओव्या आहेत, त्यांची आठवण भाषादिनाच्या भाषणांतून हमखास निघते. पण त्यापुढच्या दहा हजार ओव्या मात्र कोणी उघडून पाहत नाही.

या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या ब्राह्मणाची जुनी पुराणे 'गेली' ती आपोआप गेली नव्हती. १५६७ साली पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती, आणि जुन्या धर्माचे ग्रंथ जवळ बाळगणेही धोक्याचे झाले होते. ज्या सत्तेने लोकांच्या तोंडची पोथी काढून घेतली, तिच्याच छायेत राहून एका धर्मगुरूने त्यांना त्यांच्याच छंदात नवी पोथी दिली. पुढे १६८४ साली त्याच सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. 'ख्रिस्तपुराण' वाचताना स्टीफन्सच्या भाषाप्रेमाबद्दल आदर वाटतो आणि त्याच वेळी मन थोडे अस्वस्थही होते. मला वाटते, या दोन्ही भावना खऱ्या आहेत आणि एकीसाठी दुसरीला हुसकावून लावण्याचे कारण नाही. एवढे मात्र खरे की, ज्यांच्यासाठी हे पुराण रचले त्यांनी ते पुढे आपले मानले. गोव्यात आणि मंगळूरकडे ते पिढ्यान्‌पिढ्या गायिले गेले. सत्ता गेली, ओव्या राहिल्या.

गोव्यात हा प्रवाह काही काळ चालला. फ्रेंच जेझुइट एतियेन द ला क्रुवा याने संत पीटरच्या जीवनावर मोठे पुराण रचले. त्याची छपाई १६२९ साली सुरू झाली. त्यानंतर मात्र तो क्षीण होत गेला. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाबरोबर प्रॉटेस्टंट मिशने आली. १८०५ साली श्रीरामपूरच्या विल्यम कॅरीच्या प्रयत्नाने मत्तयचे शुभवर्तमान मराठीत छापले गेले. १८४२ साली अहमदनगरला 'ज्ञानोदय' सुरू झाले. १८४५ साली स्टीफन हिस्लॉप नागपूरला आले आणि स्कॉटिश मिशनचे काम सुरू झाले. हे काम पुढे आपल्या भंडाऱ्यापर्यंतही पोचले. हिस्लॉप यांनी या प्रदेशातील गोंडांची लिंगोगाथा लोकांच्या तोंडून उतरवून घेतली होती, आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली प्रसिद्ध झाली. धर्मप्रचाराला आलेला माणूस दुसऱ्यांची देवगाणी जपून ठेवतो, ही त्या काळातली गुंतागुंत आहे.

या मिशनांच्या मंदिरांत उपासनेची गाणी होती, पण त्यांतली पुष्कळशी विलायती गीतांची भाषांतरे होती आणि चालीही विलायतीच होत्या. इंग्रजी चालीला मराठी शब्द बसवायचा म्हणजे ऱ्हस्वाचे दीर्घ आणि दीर्घाचे ऱ्हस्व करणे आलेच. अहमदनगरच्या कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींची पदे रचून आणि कीर्तनाची पद्धत आणून वाट मोकळी केली. परंतु ख्रिस्तभक्तीला खरीखुरी मराठी वाणी मिळाली ती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्यामुळे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

टिळकांच्या आयुष्याला ज्या प्रवासात वळण लागले, तो प्रवास आपल्या जिल्ह्यातून झाला आहे, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. टिळक कोकणातले; ६ डिसेंबर १८६१ रोजी करजगाव येथे जन्मले. नाशकास शिकले, संस्कृतात पारंगत झाले आणि १८९१ च्या सुमारास नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथसंपादनाचे काम करू लागले. काही काळाने, १८९३ च्या सुमारास, ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले. त्या डब्यात त्यांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. संस्कृत काव्याच्या गप्पा झाल्या. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि ती वाचण्याचे वचन घेतले. नागपूर-राजनांदगाव लोहमार्ग वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून, तुमसर रोडवरून, गोंदियावरून जातो. त्या गप्पा नेमक्या कोठे रंगल्या हे कोणी लिहून ठेवलेले नाही. पण गाडी आपल्या रानातून आणि धानाच्या बांध्यांतून गेली हे निश्चित.

राजनांदगावला टिळकांनी ते पुस्तक वाचले. ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. याची किंमत केवढी होती हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त वाचावे. संसार मोडला; पत्नी लहानग्या मुलाला घेऊन दूर झाली; नातलगांचे दरवाजे बंद झाले. काही वर्षांनी लक्ष्मीबाई परत आल्या, आणि त्यांनीही पुढे १९०० साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण तो स्वतःच्या विचाराने, नवऱ्याच्या मागोमाग नव्हे.

इथे मूळ प्रश्नाकडे येऊ. टिळकांनी धर्म बदलला. कवितेचे काय झाले? त्यांनी तुकोबांना सोडले नाही. तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. त्यांच्या 'अभंगांजली'तील रचना आपल्या ओळखीच्या अभंगाच्या आहेत. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरण आणि दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक, लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण, हे माप तुकोबांचेच. माप तर उचललेच, त्यामागची वृत्तीही उचलली. वारकरी विठोबाला 'विठाई' म्हणतो. टिळक ख्रिस्ताला 'माउली' म्हणतात, गुरू म्हणतात. पाश्चात्त्य उपासनागीतांत ख्रिस्त राजा असतो, मेंढपाळ असतो, तारणारा असतो. त्याला आईच्या पदराशी नेऊन बसवणे हे मराठी कवीचे काम. भक्ताची सलगी, देवाशी भांडण, स्वतःच्या हीनपणाची कबुली हे सारे मराठी संतांकडून आले, आणि गंमत म्हणजे हे सारे त्या हिब्रू स्तोत्रांतही आहेच. दोन जुन्या विहिरींचे पाणी एकाच झऱ्याचे निघावे तसे काहीसे झाले.

हे साम्य परक्यांनाही जाणवले. निकोल मॅक्निकॉल या स्कॉटिश मिशनऱ्याने १९१९ साली मराठी संतांच्या एकशे आठ रचना इंग्रजीत आणल्या आणि पुस्तकाच्या नावात त्यांना चक्क बायबलमधील स्तोत्रांचे नाव दिले. त्यानेच टिळकांची पदेही भाषांतरित केली, आणि त्यांतले एक इंग्रजी उपासनासंग्रहांत जाऊन बसले. टिळकांना आधार देणारे जस्टिन अ‍ॅबट यांनी उत्तरायुष्यात मराठी संतकवींची इंग्रजी ग्रंथमाला चालवली. पुलावरून वाहतूक दोन्ही बाजूंनी होते, ती अशी.

टिळकांना ही मोकळीक सुखासुखी मिळाली नाही. हिंदू समाजाच्या दृष्टीने ते बाटलेले होते. मिशनच्या दृष्टीने फार 'देशी' होते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्तीने राहू लागले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारण्याचा प्रयत्न केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात जागा होती. पण पुढे दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते निवर्तले.

त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. रामायणाप्रमाणे ख्रिस्ताची कथा ओवीत सांगण्याचा तो संकल्प होता. त्यांच्या हातून दहा-अकरा अध्यायच झाले. तो ग्रंथ पुरा केला लक्ष्मीबाईंनी. लग्नानंतर नवऱ्याकडून लिहावाचायला शिकलेल्या, एकही शाळा न पाहिलेल्या या बाईने उतारवयात साठाहून अधिक अध्याय रचले. त्या १९३६ साली गेल्या आणि १९३८ साली, त्यांचे पुत्र देवदत्त टिळक यांच्या हातून, ग्रंथ प्रसिद्ध झाला. जात्यावर बसून बायका जी ओवी म्हणतात ती लक्ष्मीबाईंच्या कानात लहानपणापासून होतीच. म्हणून 'ख्रिस्तायन' हे मला पंडिती ग्रंथापेक्षा घरातल्या वडीलधाऱ्या बाईने सांगितलेल्या कथेच्या जवळचे वाटते.

आता आपल्याविषयी थोडे. टिळकांना आपण 'फुलांमुलांचे कवी' म्हणून ओळखतो. 'केवढे हे क्रौर्य!' या कवितेतील जखमी पक्षिणीसाठी कित्येकांचे डोळे भिजले असतील. पण त्यांचे अभंग आपण वाचत नाही. जणू फुलांचे टिळक आपले आणि अभंगांचे टिळक 'त्यांचे' अशी वाटणीच झाली आहे. दुसरीकडे मराठी ख्रिस्ती मंडळींच्या 'उपासना संगीता'त टिळकांची शंभराहून अधिक पदे आहेत. नाताळात पेटी-तबल्यावर ती गायिली जातात. अर्धा कवी शाळेत आणि अर्धा चर्चमध्ये, अशी ही स्थिती आहे. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद 'सुबोध बायबल'कार फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे आले, तेव्हा काहींनी हरकत घेतली होती. चारशे वर्षे ओव्या रचूनही मराठीपणाचा दाखला मागितला जावा, हे आपणास शोभत नाही.

कोणी म्हणेल, ही शेवटी प्रचाराची कविता. तिचे साहित्य म्हणून काय महत्त्व? शंका रास्त आहे. या प्रवाहातले पुष्कळसे पद्य सामान्य आहे, ठोकळेबाज आहे. पण हे संतपरंपरेतील शेकडो आरत्या आणि भजनांबद्दलही म्हणता येईल. परंपरा जोखायची ती तिच्या उत्तम रचनांवरून. वारकरी नसणारा विद्यार्थी ज्ञानेश्वरी वाचतो, महानुभाव नसणारा 'लीळाचरित्र' वाचतो. माळ घातल्याशिवाय किंवा दीक्षा घेतल्याशिवाय वाचू नये असे प्राध्यापक आपणास सांगत नाहीत. कवितेतली श्रद्धा समजून घ्यायला ती मान्य करावी लागत नाही. ती बाळगणाऱ्या माणसाला मात्र आपला मानावे लागते.

म्हणून माझी विनंती इतकीच की, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात 'स्मृतिचित्रे' असेलच, ते प्रथम वाचावे. मग 'अभंगांजली' मिळवून तुकोबांच्या गाथेशेजारी ठेवून वाचावी. 'ख्रिस्तपुराणा'ची भाषा जुनी आहे, पण ज्याने ज्ञानेश्वरीचा एक अध्याय वर्गात वाचला आहे त्याला ती जड जाऊ नये. आपल्या प्राध्यापकांनी मनावर घेतले तर वाङ्मय मंडळाच्या एखाद्या सभेत या तीनही ग्रंथांतील निवडक ओव्या व अभंग चालीवर म्हणून दाखवता येतील. म्हणणारे वर्गातही सापडतील आणि भंडाऱ्याच्या ख्रिस्ती वस्तीतही. ऐकताना कोणती ओवी कोणत्या धर्माची हे चटकन ओळखू आले नाही, तर ते का, याची चर्चा सभेनंतर अवश्य करावी.